नवी रायफल की जुनी? आणि मध्ये आलेली भीड

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, किचनमध्ये भांडी घासत असाल, नाहीतर बॉस मीटिंगमध्ये बोलतोय आणि तुम्ही एका कानात मला ऐकताय... चालू द्या.

मागच्या भागात आपण जुनी गाडी घ्यावी की नवी, यावर बोललो होतो. त्यावर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा मिनेसोटात राहतो, वय तिशीच्या आत, मूळचा आपल्याकडचाच. तो म्हणतो, "दादा, ऑफिसमधले सगळे नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जातात. मला दोन वर्षं बोलावतायत. ग्रीन कार्ड झालंय, कोर्सही केलाय. आता पहिली रायफल घ्यायची आहे. नवी घेऊ की सेकंड हँड?"

मी त्याला उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की हे चार ओळींत मावणारं नाही. कारण याच प्रश्नावर मी स्वतः एकदा अडकलो होतो, आणि तेव्हा माझ्या हातून जे होता होता राहिलं ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तर आज तेच सांगतो.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करू, म्हणजे नंतर कमेंटमध्ये भांडणं नकोत.

पहिली. भारतात बसून ऐकणाऱ्यांनो, हा भाग तुमच्यासाठी खरेदीचा सल्ला नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. हौस म्हणून शिकार हा विषय तिथेच संपतो. आणि बंदूक म्हटली की शस्त्र कायदा, परवाना, सगळं आलं. तुम्ही गोष्ट म्हणून ऐका. पण जुनी वस्तू ओळखीच्या माणसाकडून घेताना काय होतं, ते मात्र तुम्हालाही लागू पडेल. बाईक असो, फ्लॅट असो.

दुसरी. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल बोलतोय, कारण मी तिथे राहतो. राज्य बदललं की नियम बदलतात. आणि तुम्ही एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे, पण तो आपल्याला नेमका कसा लागू होतो हे वकिलाला विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या काकांना नाही. एका सहीची चूक झाली तर व्हिसा, नोकरी, सगळंच धोक्यात येतं.

ठीक? चला.

माझं आजोळ सिंधुदुर्गात. तिकडच्या श्रोत्यांना माहीत असेल, कोकणात बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असायची. रानडुक्कर, माकडं पिकात शिरतात म्हणून. आमच्या आजोबांकडे ठासणीची होती. माळ्याजवळच्या खुंटीला टांगलेली. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. आम्हा पोरांना तिच्या वाऱ्यालाही उभं करायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "आजोबा, रिकामी तर आहे." त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, "रिकामी हा हेचो साक्षीदार कोण? तू?" बस, एवढंच. तेव्हा राग आला होता.

पुढे शिक्षण, नोकरी, अमेरिका. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात वॉसॉजवळ येऊन पडलो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस रायफलने हरणं मारायचा हंगाम असतो. पांढऱ्या शेपटीची हरणं. राज्यात त्यासाठी पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. आपल्याकडे गणपतीत कसं कोकणात जाणारे सगळे सुट्टी टाकतात, तसं. कारखान्यात शुक्रवारी दुपारनंतर कुणी भेटत नाही. गॅस स्टेशनवर सगळे भगव्या जॅकेटात. म्हणजे इथला तो भडक केशरी रंग. कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे त्या रंगाचे पाहिजेत असा नियमच आहे. आता गुलाबी भडक पण चालतो.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "हरीण? अरे, हरीण कुणी मारतं का?" तिला मी समजावलं की इथे हरणांची संख्या ठरवून राखतात, किती मारायची याचे परवाने सरकार देतं, मांस घरी फ्रीजरमध्ये जातं, वर्षभर पुरतं. तिला पटलं नाही. अजूनही नाही पटलेलं. ते मी तिच्यावर सोडलंय. तुम्हालाही पटलंच पाहिजे असं नाही.

बायकोची अट वेगळी होती. आमच्या घरी तेव्हा पाच वर्षांची मुलगी आणि एक रांगणारं बाळ. ती म्हणाली, "आधी लोखंडी कपाट येईल. भिंतीला ठोकलं जाईल. त्याची किल्ली कुठे ठेवायची ते मी ठरवीन. मग तुझी रायफल." मी तेव्हा कुरकुरलो. आज तुम्हाला पहिला सल्ला हाच देतो. बजेट काढताना कपाट सर्वांत वर लिहा. गोळ्या वेगळ्या जागी, वेगळ्या कुलुपात. घरात मुलं नसली तरी. पाहुण्यांची मुलं येतातच की.

आता रायफल.

आमच्या गल्लीत एक आजी राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणतो. यजमान आदल्या वर्षी गेले होते. आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्या बर्फात आमची गाडी अडकली, तर त्या दोघांनी फावडं घेऊन बाहेर येऊन काढून दिली होती. माझ्या मुलीला त्या ख्रिसमसला विणलेली टोपी द्यायच्या. असं नातं.

मी शिकारीचा कोर्स करतोय हे त्यांना कळलं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी तो कोर्स लागतोच. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. यजमानांची रायफल बाहेर काढून टेबलावर ठेवली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हात लावला की गुळगुळीत, नळीवर निळसर झाक. थर्टी-ऑट-सिक्स. वर दुर्बीण लावलेली. "तीस वर्षं वापरली त्यांनी," त्या म्हणाल्या, "दरवर्षी हंगाम संपला की स्वतः साफ करायचे. मुलांना नकोय. तुझ्याकडे गेली तर मला बरं वाटेल. साडेतीनशे डॉलर दे."

आता सांगा. तुम्ही काय म्हणाल?

मी "हो" म्हणालो. जवळजवळ. तोंडातून शब्द निघणारच होता. तिथे भीड आली ना. ज्या बाईने तुमची गाडी बर्फातून काढली, तिच्या गेलेल्या नवऱ्याची वस्तू, ती डोळ्यांत पाणी आणून देतेय, आणि तुम्ही म्हणणार की "आजी, जरा तपासून घेतो"? आपल्याकडे म्हण आहेच, भिडे भिडे पोट वाढे. तसं झालं असतं.

मला वाचवलं ते कोर्समधल्या इन्स्ट्रक्टरने. तो पहिल्या दिवशी म्हणाला होता की कुणाचीही जुनी रायफल घ्या, अगदी सख्ख्या बापाची, पण पहिली गोळी घालण्याआधी गनस्मिथला दाखवा. गनस्मिथ म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. मी आजींना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. इन्स्ट्रक्टरच्या डोक्यावर खापर फोडलं म्हणा ना! त्या म्हणाल्या, "चल, मी पण येते."

गनस्मिथ म्हणजे साठीचा माणूस, गॅरेजएवढं दुकान. त्याने काय काय पाहिलं ते क्रमाने सांगतो, कारण तुम्ही जुनी घेणार असाल तर हीच यादी आहे.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का. आजी म्हणाल्या, रिकामी आहे. त्याने मान डोलावली आणि तरीही बोल्ट उघडून आत बोट घालून पाहिलं. मला आजोबा आठवले.

मग नळीवर कोरलेला गोळीचा प्रकार वाचला. "मालकाने सांगितलं" हा पुरावा नाही. .३०८ आणि .३०-०६ या दोन्हींच्या गोळीची जाडी एकच, पण काडतुसाची लांबी वेगळी. कधी कुणी नळी बदललेली असते, कधी चेंबर पुन्हा कापलेलं असतं. चुकीचं काडतूस बसलं आणि उडवलं तर चेहरा जाऊ शकतो.

मग बोल्ट बाहेर काढून नळीत मागून उजेड टाकला. आत पीळ दिसतात. ते धारदार आहेत का, गंजाचे खड्डे आहेत का, कुठे गोल काळी रिंग दिसते का. रिंग दिसली तर नळी कधीतरी आतून फुगलेली असू शकते, कारण नळीत काहीतरी अडकलेलं असताना गोळी उडवली गेली. तशी रायफल हात जोडून परत करायची. नंतर नळीचं टोक, गोळी बाहेर पडते ती कड. तिथे टवका उडाला असेल तर नेम चुकतो.

मग एक छोटा धातूचा तुकडा चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद होतो का ते पाहिलं. त्याला हेडस्पेस तपासणं म्हणतात. काडतूस आणि बोल्ट यांच्यामध्ये मोकळी जागा जास्त झाली तर काडतूस आत फाटू शकतं. हे तुम्हाला-मला घरी डोळ्यांनी कळत नाही. यासाठीच त्याला पन्नास डॉलर द्यायचे.

दस्ता उलटसुलट केला. मनगटासारखा बारीक भाग असतो, तिथे आणि लोखंड जिथे संपतं त्याच्या मागे केसासारखी चीर असू शकते. नव्हती. स्क्रूंची डोकी पाहिली. आणि इथे तो थांबला. चापाजवळच्या एका स्क्रूची खाच खरवडलेली होती. म्हणजे कुणीतरी स्क्रूड्रायव्हर लावला होता.

आता नीट ऐका. रायफल रिकामी. त्याने बोल्ट मागे ओढून पुढे बंद केला, म्हणजे आतली पिन ताणली गेली. सेफ्टी लावली. चाप जोरात ओढला. काही झालं नाही. बरोबर. चाप सोडला. मग चापाला बोटही न लावता, नुसती सेफ्टी पुढे सरकवली.

टक्.

दुकानात कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी नाही झालं. चौथ्या वेळी झालं.

ज्यांना समजलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीत गोळी असती तर ती उडाली असती. चाप न ओढता. आणि या जुन्या प्रकारच्या रायफलीत सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडतच नाही. म्हणजे संध्याकाळी अंधार पडल्यावर तुम्ही गाडीजवळ येता, गोळी बाहेर काढायची असते, त्यासाठी आधी सेफ्टी काढावीच लागते. नेमकं तेव्हा. गाडीत मुलगी बसलेली असते, मित्र थर्मासमधून कॉफी ओतत असतो.

कारण काय निघालं? आजींच्या यजमानांनी चाप हलका व्हावा म्हणून तो स्क्रू घरीच फिरवला होता. केव्हातरी, वर्षानुवर्षांपूर्वी. हलका चाप नेमाला बरा लागतो, हे खरंय. पण आतले दोन पोलादी तुकडे एकमेकांत जेवढे अडकायला हवेत तेवढे अडकत नव्हते. त्यात दरवर्षी सोडलेलं तेल आत वाळून चिकट झालेलं. म्हणजे बघा, "दरवर्षी स्वतः साफ करायचे" हे शंभर टक्के खरं होतं. कंपनीचा दोष नव्हता, माणूस निष्काळजी नव्हता. प्रेमाने हात लावला होता, एवढंच.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं त्यांना राग आला. मग त्या म्हणाल्या, "तू घेतली नसतीस तर मी माझ्या नातवाला देणार होते. एकोणीस वर्षांचा आहे. तो काही तपासत बसला नसता."

मला अजून ते वाक्य आठवतं. मी भिडेखातर तिथेच पैसे देऊन घरी आणली असती तर धोका माझा. भिडेखातर "नको" म्हणून निघून आलो असतो तर धोका त्या पोराचा. तपासायला सांगणं हाच एक रस्ता होता, आणि नेमका तोच मला उद्धटपणा वाटत होता.

बरं, मग मी ती दुरुस्त करून घेतली का? इथे हिशेब आला. कागद-पेन असेल तर लिहा, नाहीतर फोनवर स्क्रीन बंद करून ऐका.

रायफल ३५० डॉलर. तपासणी ५०. नवीन ट्रिगर, मजुरी धरून २२०. वरची दुर्बीण जुनी, आतून धुकं धरलेली; नवी साधी चांगली २००. आणि दस्ता. आजींचे यजमान सव्वासहा फुटी, मी साडेपाच. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर माझ्या हाताला जास्त पडत होतं. जाड जॅकेट घातल्यावर तर डोळा दुर्बिणीपर्यंत पोचेना. दस्ता कापून नवं रबर लावायचे ११०. एकूण ९३०.

दुकानात नवी साधी रायफल, वर दुर्बीण बसवलेली, टॅक्स धरून साधारण सहाशेला मिळत होती. प्लास्टिकचा दस्ता, दिसायला अगदी बेताची, पण दस्त्यामागच्या पट्ट्या काढून लांबी कमी-जास्त करता येत होती.

आणि त्या सुंदर अक्रोडाच्या दस्त्याला करवत लावायची? माझ्याच्याने झालं नसतं.

मी नवी घेतली. .३०८. आजींनी जुनीचा ट्रिगर स्वतःच्या पैशाने बदलून घेतला आणि ती नातवाकडे गेली. तो उंच आहे, आजोबांसारखाच. त्याच्या खांद्याला ती बरोबर बसते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दादा, नवीच घ्यावी. नाही. थांबा.

माझा एक मित्र आहे, नाशिककडचा, ग्रीन बेला राहतो. त्याने त्याच वर्षी दुकानातून जुनी .२७० घेतली, साडेचारशेला. तिचीही अशीच तपासणी केली. नळी स्वच्छ, ट्रिगरला कुणी हात लावलेला नाही, दस्ता त्याच्या मापाचा, दुर्बीण चांगली. दुकानदाराने तीन दिवसांत परत घेण्याचं बिलावर लिहून दिलं. त्या दर्जाची नवी त्याला हजाराच्या वर गेली असती. त्याने वाचलेल्या पैशात गोळ्या घेतल्या आणि सप्टेंबरपासून दर शनिवारी रेंजवर गेला. आज तो माझ्यापेक्षा चांगला नेम मारतो. निर्णय माझा उलट आणि त्याचा उलट, पण दोघांचाही बरोबर.

तर मग ठरवायचं कसं? माझ्या मते चार प्रश्न विचारा.

पहिला, माझ्याजवळ जाणता माणूस आहे का? गनस्मिथ किंवा वीस वर्षं शिकार करणारा मित्र. असेल तर जुनीचा विचार करा. नसेल तर पहिली रायफल नवी घ्या. नवीला कारखान्याची तपासणी असते, वॉरंटी असते. अनेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, म्हणून जुनी घेताना ती धरू नका.

दुसरा, अंगाला बसते का? आपल्यातले बरेचजण इथल्या सरासरीपेक्षा बुटके, हातही आखूड. दुकानात जाड जॅकेट घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मान ताणावी लागली तर ती तुमची नाही, नवी असो वा जुनी.

तिसरा, गोळी गावात मिळते का? .३०८, .३०-०६, .२७०, .२४३ या छोट्या गावातल्या दुकानातही सापडतात. जुन्या बाजारात कधीकधी एखादी विचित्र कॅलिबरची रायफल फार स्वस्त मिळते. स्वस्त का आहे, ते गोळ्या शोधायला निघाल्यावर कळतं. २०२० आणि २०२१ मध्ये इथे गोळ्यांची टंचाई झाली होती, तेव्हा तर साध्या प्रकारच्याही मिळेनात. आणि धक्क्याचा विचार करा. हलकी रायफल आणि मोठी गोळी म्हणजे खांदा सुजणार. धक्क्याला घाबरलात की तुम्ही चाप ओढताना डोळे मिटता, आणि मग जखमी हरीण जंगलात पळतं. ते पाप कुणाला हवंय? बारीक अंगाच्या माणसाला .२४३ पुरते.

चौथा, पूर्ण खर्च किती? रायफल हा त्यातला एक भाग. कपाट, दुर्बीण, साफसफाईचं सामान, आणि सरावाच्या गोळ्या. शिकारीच्या गोळ्यांचा २० चा बॉक्स मला साधारण तीस डॉलरला पडतो. हंगामाआधी शंभर यार्डांवर नेम बसवायचा, मग सराव करायचा, तीन-चार बॉक्स सहज जातात. हजार डॉलर असतील तर हजाराची रायफल घेऊ नका. सहाशेची घ्या, उरलेल्याचा सराव करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुकानातून घेतलीत, नवी किंवा जुनी, तर फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. त्यात एक अक्षर खोटं लिहू नका. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर घेणं हा मोठा गुन्हा आहे. मित्राने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा. खासगी माणसाकडून घेणार असाल आणि तो दुसऱ्या राज्यातला असेल, तर व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच व्हावा लागतो. एकाच राज्यात असाल तरी मी म्हणेन की दुकानातूनच करा, थोडी फी जाते पण रेकॉर्ड राहतं. सिरीयल नंबर खोडलेला दिसला तर वस्तू खाली ठेवा आणि निघा.

आणि हो, जुनी घेताना त्या मॉडेलची कंपनीने कधी परत मागणी केली होती का, ते नक्की शोधा. उदाहरण सांगतो. २०१४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली ट्रिगरसाठी परत बोलावल्या होत्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, एक्स-मार्क प्रो नावाचा ट्रिगर असलेल्या. अशी रायफल आजही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये असू शकते. विकणाऱ्याला माहीतही नसेल. सिरीयल नंबर घेऊन शोधायला पाच मिनिटं लागतात.

मिनेसोटाच्या मित्रा, तुझ्यासाठी थेट उत्तर. ऑफिसमधल्या त्या लोकांपैकी कुणी जाणता तुझ्यासोबत गनस्मिथकडे येणार असेल, तर जुन्या बघायला सुरुवात कर. नसेल तर साधी नवी घे, लाजू नकोस. आणि त्यांच्यातलाच कुणी "माझी घे, तुला स्वस्तात देतो" म्हणाला, तर मी आजींना सांगितलं तेच सांग. "आमच्या पॉडकास्टवाल्या दादाने सांगितलंय, तपासल्याशिवाय नाही." माझ्या डोक्यावर खापर फोड. मला चालेल.

शेवटी माझ्या पहिल्या हंगामाचं सांगतो आणि थांबतो. कोर्समध्ये चार नियम शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री. आणि नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. त्या शनिवारी दिवसभर मी झाडाला टेकून थंडीत बसलो. चारच्या सुमारास एक मादी आली, सत्तर यार्डांवर. मी रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसलं. पण तिच्या मागे चढावर झाडांमधून काहीतरी केशरी हललं. दुसरा कुणी शिकारी असेल, फांदीला बांधलेली पट्टी असेल, कळलं नाही. मी बोट बाहेरच ठेवलं. ती निघून गेली.

अंधारात गाडीपाशी आलो. बायको मुलीला घेऊन मला न्यायला आली होती. मुलगी काचेला नाक लावून बघत होती. मी पाठ फिरवली, नळी झाडीतल्या रिकाम्या उताराकडे, जमिनीच्या दिशेने केली, आणि सेफ्टी काढली.

काही आवाज आला नाही. मी बोल्ट उघडला, गोळ्या काढून खिशात टाकल्या, आत बोट घालून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

हरीण काही मिळालं नव्हतं. घरी वरण-भात होता.

तर मंडळी, तुम्ही ओळखीच्या माणसाकडून भिडेखातर काही घेतलंय का, आणि पुढे काय झालं, ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. एक मिनिटाच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांचा पाठवला होता! भाग आवडला तर एखाद्या मित्राला पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.